अफूच्या व्यसनासोबत दारू, गोळ्या आणि तंबाखूही असेल तर उपचार कसे होतात

ब्राउन शुगर (म्हणजे अशुद्ध हेरॉइन, बोलीत ‘पावडर’), अफू, डोडाचुरा (अफूच्या बोंडांचा चुरा) किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांच्या आहारी गेलेला माणूस बहुधा एकाच पदार्थावर थांबलेला नसतो. दिवसा पावडर, संध्याकाळी दारू, रात्री झोप लागावी म्हणून अल्प्राझोलामच्या गोळ्या आणि या सगळ्याच्या जोडीला गुटखा किंवा बिडी, असे त्याच्या दिवसाचे स्वरूप असते; घरच्यांना मात्र त्यांतला एकच पदार्थ दिसतो, जो सर्वांत बदनाम असतो तो. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदूरच्या मराठी घरात ‘मुलगा पावडर घेतो’ हे कळल्यावर सगळे इतके हादरून जातात की दारूची आणि गोळ्यांची चौकशी करायचे राहूनच जाते. ही व्यसने एकाच वेळी तपासावी लागतात, त्यांचे उपचार एकत्र आखावे लागतात, आणि एक व्यसन सुटत नाही म्हणून दुसऱ्याचे औषध बंद करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडायचे आहे.

माळव्यात हा विषय दूरचा नाही. मंदसौर, नीमच आणि रतलाम या जिल्ह्यांत शासकीय परवान्याने अफूची शेती होते, नीमचला अफूवर प्रक्रिया करणारा केंद्र सरकारचा कारखाना आहे, आणि एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे. आज मात्र शहरातला धोका शेतातल्या अफूपुरता उरलेला नाही, कारण औषधाच्या दुकानातून आलेल्या गोळ्या त्यात मिसळल्या आहेत. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक भारतीय, अफूवर्गीय पदार्थ (अफू, हेरॉइन आणि त्यांच्यासारखी वेदनाशामके) घेत होते. दारू घेणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के होते, तर झोपेच्या आणि शामक गोळ्यांचा वापर १ टक्क्याहून थोडा अधिक, म्हणजे एक कोटीच्या वर माणसांत आढळला. हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापलेले असतात म्हणून माणसेही वेगवेगळी असावीत असे वाटते. प्रत्यक्षात यांतली बरीच माणसे एकापेक्षा अधिक रकान्यांत असतात.

माणूस इतके पदार्थ एकत्र का घेतो, याचे उत्तर ‘चैन’ हे क्वचितच असते. पुडी मिळाली नाही की अंग तुटू लागते, नाक गळते, पोटात मुरडा येतो. तो त्रास मारण्यासाठी दारू किंवा गोळ्या घेतल्या जातात, कारण त्या स्वस्त असतात आणि मिळतातही लवकर. पुढे गोळ्यांचीही सवय लागते, आणि मग पुडी मिळाली तरी गोळ्या सुटत नाहीत. आग्रा-मुंबई महामार्गावर रात्र-रात्र गाडी हाकणारा चालक थकवा जाणवू नये म्हणून डोडा घेतो आणि मुक्कामाला पोहोचल्यावर दारू घेतो. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि चिंतेसाठी झोपेची गोळी वर्षानुवर्षे घेणारी गृहिणी आपल्याला व्यसन आहे असे कधी म्हणत नाही, कारण तिने रस्त्यावरून काहीच घेतलेले नसते. तिचे दुखणे मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते, कारण तिला कोणी विचारतच नाही, आणि ट्रॅमाडॉल स्वतःच झटके आणू शकणारे औषध असल्यामुळे तिने घाबरून एके दिवशी झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर झटक्याचा धोका दुहेरी होतो.

या मिश्रणातला मुख्य धोका श्वासाचा आहे. अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण मंद करतात, दारू आणि बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्याही वेगळ्या मार्गाने तेच करतात, आणि त्यामुळे ज्या मात्रेने एकट्याने काही झाले नसते ती मात्रा एकत्र घेतल्यावर श्वास थांबवू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्ये या दोन गटांच्या औषधांच्या वेष्टनावर एकत्र वापराबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. नसांच्या दुखण्यासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन या औषधांबद्दलही २०१९ मध्ये तसाच सावधगिरीचा इशारा निघाला, आणि ‘ही तर साधी नसांची गोळी आहे’ असे समजून ती सोबत घेणाऱ्यांनी तो लक्षात ठेवला पाहिजे.

आता उपचारांच्या क्रमाकडे येऊ. घरच्यांना वाटते की जो पदार्थ सर्वांत वाईट तो आधी पूर्ण बंद करावा, आणि बाकीचे नंतर पाहता येईल. वैद्यकीय विचार याहून वेगळा आहे. ब्राउन शुगर किंवा अफू अचानक थांबवली तर त्रास प्रचंड होतो, जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी होते, माणूस तळमळतो. पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा त्याने मृत्यू होणे दुर्मीळ आहे. रोजची भरपूर दारू किंवा रोजच्या झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर मात्र जिवाला थेट धोका असतो. दारू थांबल्यावर पहिल्या काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप आणि नाडी वाढते. हा भ्रम घरी कोंडून ठेवून बरा होत नाही. त्यासाठी रुग्णालयच लागते. म्हणून सर्व पदार्थ एकदम बंद करून खोलीला कडी लावणे हा उपाय केवळ क्रूर नाही, तो घातकही आहे.

दोन्ही त्रास एकाच वेळी सुरू झाले की ते ओळखणेही कठीण जाते, कारण घाम, अस्वस्थता, धडधड आणि निद्रानाश दोन्हींत असतो. सारख्या जांभया, गळणारे नाक, अंगावर काटा आणि विस्फारलेल्या बाहुल्या ही लक्षणे अफूकडे बोट दाखवतात. हातांचा कंप, फिट आणि भ्रम ही दारू किंवा गोळ्यांकडे. म्हणूनच डॉक्टर दाखल करताना शेवटची दारू केव्हा, शेवटची गोळी केव्हा आणि शेवटची पुडी केव्हा, हे वेगवेगळे विचारतात. या प्रश्नांची उत्तरे लाजेपोटी लपवली तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो आणि औषधाची मात्राही चुकते.

अफूवर्गीय व्यसनावर आज सर्वांत भक्कम पुरावा असलेले उपचार म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दीर्घकाळ द्यायची औषधे. भारतात ब्युप्रेनॉर्फिन अधिक प्रचलित आहे, ते जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या रूपात आणि बहुधा नॅलॉक्सोन या अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणाऱ्या औषधासोबत मिळते. मेथाडोनचा वापर आपल्याकडे २०१२ पासून सुरू झाला. अनेक घरांत यावर आक्षेप येतो की ही एका नशेच्या जागी दुसरी नशा झाली. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील त्याच जागांवर जाऊन बसते जिथे हेरॉइन बसते, पण काम अर्धवटच करते, त्यामुळे तलब आणि अंग तुटणे थांबते, झिंग येत नाही आणि मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही. पंगतीत पाटावर कोणी घट्ट बसले की दुसऱ्याला जागा उरत नाही, तसे वरून घेतलेल्या पावडरीला फारसे काही करता येत नाही. मात्र श्वासाची ही मर्यादा एकट्या ब्युप्रेनॉर्फिनला लागू आहे. त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या ओतल्या तर ते संरक्षण उरत नाही.

या औषधाची सुरुवात वेळ साधून करावी लागते. हेरॉइन शरीरात भरलेले असताना ब्युप्रेनॉर्फिन दिले तर ते हेरॉइनला त्या जागांवरून ढकलून देते आणि रुग्णाला काही मिनिटांत भयंकर त्रास सुरू होतो. म्हणून ब्राउन शुगरसारख्या पदार्थानंतर साधारण १२ तास किंवा अधिक थांबून, त्रासाची लक्षणे स्पष्ट दिसू लागल्यावरच पहिली छोटी मात्रा देतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तिशीतला एक तरुण रोज पन्नीवर ब्राउन शुगर ओढतो, संध्याकाळी अर्धी बाटली दारू घेतो आणि रात्री अल्प्राझोलामच्या गोळ्या घेतो. अशा रुग्णाला दाखल करून घेणेच योग्य. पहिल्या दिवशी फिट टाळण्यासाठी त्याला डायझेपामसारखे जास्त वेळ टिकणारे औषध, आणि यकृत खराब असेल तर लोराझेपाम, मोजून दिले जाते. सोबत थायमिनचे इंजेक्शन देतात आणि तेही ग्लुकोजच्या आधी, कारण दीर्घकाळ दारू पिणाऱ्यात या जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि तिने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अफूच्या त्रासाची लक्षणे उमटली की ब्युप्रेनॉर्फिन कमी मात्रेने सुरू करतात आणि प्रत्येक मात्रेनंतर श्वास, गुंगी आणि नाडी पाहतात. दोन्ही प्रकारची औषधे एकाच वेळी चालतात, आणि याच कारणासाठी ती घरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, देऊ नयेत. दारूसाठी दिलेले डायझेपाम काही दिवसांत कमी करत बंद करता येते. वर्षानुवर्षांच्या झोपेच्या गोळ्या मात्र फार सावकाश उतरवाव्या लागतात, अनेकदा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के इतक्याच वेगाने, म्हणजे या एका कामाला कित्येक महिने लागतात. ब्युप्रेनॉर्फिन मात्र त्या काळात आणि त्यानंतरही चालूच राहते.

‘हा अजून गोळ्या घेतो, म्हणून याला ब्युप्रेनॉर्फिन देता येणार नाही’ असे अनेक ठिकाणी म्हटले जाते, आणि ऐकायला ते सुरक्षितही वाटते. परंतु ज्याला औषध नाकारले तो घरी जाऊन शांत बसत नाही. तो पुन्हा अज्ञात शुद्धतेच्या पावडरीकडे जातो, आणि गोळ्या तर घेतच असतो. हे लक्षात घेऊनच एफडीएने २०१७ मध्ये स्पष्ट केले की रुग्ण झोपेच्या गोळ्या किंवा तत्सम औषधे घेतो एवढ्यासाठी त्याला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नाकारू नये. जोखीम समजावून, जवळून लक्ष ठेवून उपचार द्यावेत, कारण उपचार न मिळण्याचा धोका अधिक मोठा आहे. रुग्ण एखाद्या दिवशी दारूच्या गुंगीत आला तर त्या दिवसाची मात्रा पुढे ढकलता येते, पण त्याचे नाव केंद्रातून काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गांजा किंवा भांग यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

दारूवरच्या औषधांत एक मोठा अडथळा आहे, आणि तो घरच्यांना ठाऊक असायला हवा. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन हे चांगले औषध आहे, पण ते अफूवर्गीय पदार्थांच्या सगळ्या जागा अडवून टाकते. म्हणून जो ब्राउन शुगर घेत आहे किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर आहे त्याला ते दिले तर तीव्र विथड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतो. ज्याला दोन्ही व्यसने आहेत आणि जो किमान सात ते दहा दिवस अफूवर्गीय पदार्थांपासून पूर्ण दूर राहिला आहे, त्याला हे एक औषध दोन्हींसाठी उपयोगी पडू शकते, मात्र ते रोज घेण्याची खात्री हवी. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या रुग्णाची दारू कमी करायची असेल तर अकॅम्प्रोसेट अधिक सोयीचे ठरते, मूत्रपिंडे ठीक असतील तर. बॅक्लोफेनही वापरले जाते, पण त्याची गुंगी इथे अडचणीची होते. डायसल्फिरामबद्दल मी अधिक कळकळीने सांगेन. हे औषध घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी मृत्यूही येऊ शकतो. काही घरांत ते रुग्णाला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळले जाते, आणि ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती त्याला उत्तेजन देतात. असे कधीही करू नये. रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून, घरच्या कोणाच्या तरी देखरेखीखाली घेतले तरच ते उपचार ठरते.

दारूचाच आणखी एक सापळा समाधानाच्या रूपाने येतो. ‘डॉक्टरसाहेब, पावडर तर सुटली, आता तो संध्याकाळी थोडी दारू घेतो, तेवढे आम्ही चालवून घेतो,’ असे आईवडील सुटकेच्या स्वरात सांगतात, आणि त्यांचे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु दारूच्या गुंगीत निर्धार ढिला पडतो आणि जुन्या मित्राचा फोन घेतला जातो. शिवाय ब्राउन शुगर घेणाऱ्यांत, विशेषतः सुई वापरणाऱ्यांत, हिपॅटायटिस सी हा यकृताचा संसर्ग आढळतो आणि त्या यकृतावर दारू दुप्पट भार टाकते. हिपॅटायटिस सीवर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती औषधे मोफत मिळतात. म्हणून ही तपासणी आणि एचआयव्हीची तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे. क्षयरोगाचीही विचारपूस हवी, कारण क्षयावरचे रिफाम्पिसिन मेथाडोनला शरीरातून झपाट्याने बाहेर काढते आणि ब्युप्रेनॉर्फिनचाही जोर कमी करू शकते. चांगला चाललेला रुग्ण क्षयाचे औषध सुरू झाल्यावर अचानक तळमळू लागला तर त्याने नियम मोडला असे गृहीत धरण्याआधी हे कारण तपासावे.

एमडी म्हणून ओळखले जाणारे मेफेड्रोन, कोकेन आणि तत्सम उत्तेजक पदार्थ यांच्यावर मात्र आजही कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. त्यात उपयोगी ठरलेली पद्धत अशी की तपासणी स्वच्छ आली की रुग्णाला लगेच लहानसे ठोस बक्षीस द्यायचे, आणि सोबत समुपदेशन चालू ठेवायचे. उत्तेजक उतरल्यावर येणारे गडद नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्याकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे. उत्तेजकामुळे पावडरीची गुंगी काही वेळ झाकली जाते, माणूस आपण सावध आहोत असे समजून अधिक घेतो, आणि उत्तेजकाचा जोर ओसरला की उरलेल्या पावडरीने श्वास मंदावतो.

तंबाखूचा उल्लेख शेवटी केला जातो आणि बहुधा सोडूनच दिला जातो. गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे २०१२ मध्ये देशातले पहिले राज्य ठरले, तरी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात तंबाखूला ‘एवढे तरी राहू द्या’ म्हणून मोकळीक मिळते. व्यसनातून बाहेर पडलेल्या कित्येकांचा पुढे जीव जातो तो तंबाखूच्या कर्करोगाने आणि हृदयविकाराने. तंबाखू सोबतच सोडवायला घेतल्याने बाकीच्या उपचारांना धक्का बसतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, आणि निकोटिनची च्युइंगगम किंवा व्हॅरेनिक्लिन ही औषधे ब्युप्रेनॉर्फिनसोबत देता येतात.

लघवीच्या तपासणीबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. अफू तपासणाऱ्या साध्या पट्टीवर ट्रॅमाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिन सहसा दिसत नाहीत, त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. आणि दिवाळीत खसखस लावलेले अनारसे भरपूर खाल्ले असतील तर पट्टी कधीकधी उगाचच अफू दाखवते. म्हणून एका पट्टीवरून घरात खटला चालवू नये. तपासणीचा उपयोग औषधाची मात्रा ठरवण्यासाठी आहे.

अनेक खाजगी केंद्रांत पंधरा-वीस दिवस किंवा काही महिने ठेवून ‘शुद्ध’ करून घरी पाठवतात आणि पुढचे औषध देत नाहीत. या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते, आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती आता प्राणघातक ठरते. दारू किंवा गोळ्या सोबत असतील तर अधिकच. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेल्यांचा मृत्युदर उपचार नसलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी असतो, आणि उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे औषध किती महिने याचे उत्तर बहुधा वर्षांत मोजावे लागते, आणि ते थांबवण्याची घाई घरच्यांनी करू नये.

माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार हळू किंवा घरघरत असेल, ओठ निळसर पडले असतील तर १०८ वर फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे आणि शेजारून हलू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देण्याचे किंवा छाती दाबण्याचे काम फोनवरील सूचनेनुसार लगेच सुरू करावे. लिंबूपाणी, ताक, मिठाचे पाणी असे काहीही तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. रुग्णालयात दिले जाणारे नॅलॉक्सोन अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवते, दारूचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा नाही, आणि त्याचा जोरही अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. म्हणून डोळे उघडले की लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या एम. वाय.चा, मानसोपचार विभाग आणि बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालय ही विचारणा सुरू करण्याची सार्वजनिक ठिकाणे आहेत, आणि १४४४६ या राष्ट्रीय नशामुक्ती क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. पोलिसांच्या भीतीने जे थांबतात त्यांच्यासाठी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात कलम ६४ अ आहे: अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात आरोपी असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केलेली आहे. एखादे केंद्र मारहाणीला किंवा कोंडून ठेवण्याला उपचार म्हणत असेल तर तिथून रुग्णाला बाहेर काढावे. पहिल्या भेटीला जाताना घरात सापडलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, औषधाच्या चिठ्ठ्या आणि जुने अहवाल पिशवीत घालून न्यावेत, आणि रुग्णाला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे, कारण आईसमोर पुडीची कबुली देणारा मुलगाही गोळ्यांचा आकडा निम्माच सांगतो.